एक्स्टर्नल ड्राइव्ह घेतला तरी सी ड्राइव्ह पुन्हा पुन्हा भरतोय? नेमकं कुठे पाहायचं आणि काय हलवायचं नाही

तक्रार ठरलेली असते. लॅपटॉप भरला म्हणून एक टीबीचा एक्स्टर्नल ड्राइव्ह आणला, फोटो-व्हिडिओ त्यात टाकले, सी ड्राइव्हची लाल पट्टी निळी झाली. दोन-तीन महिने बरे गेले आणि पट्टी पुन्हा लाल. आणखी काही फोल्डर हलवले, पुन्हा तेच. नाशिकमध्ये लग्नसराई ओसरली की स्टुडिओवाल्यांकडून हे हमखास ऐकू येतं, आणि रिटर्नच्या मुदती जवळ आल्या की कर सल्लागारांच्या ऑफिसांतून.

ड्राइव्हमध्ये बहुतेक वेळा काहीच दोष नसतो. आपण साठलेलं हलवतो, पण नवीन फाइल जिथे जन्माला येते ती जागा सीमध्येच राहते. ती जागा बदलली नाही तर चार टीबीचा ड्राइव्ह घेऊनही फरक पडणार नाही. म्हणून पहिलं काम हलवण्याचं नाही, मोजण्याचं.

आधी मोजा

पंचवटीतल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरचा लॅपटॉप उदाहरणादाखल घेऊ. आत २५६ जीबीचा एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणारी वेगवान डिस्क), विंडोजमध्ये तो २३८ जीबी दिसतो. (हे सगळीकडे असंच असतं. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १,०२४ च्या. एक टीबीचा ड्राइव्ह ९३१ जीबी दिसला म्हणून दुकानदाराशी भांडू नका.) या माणसाचं काम अगदी नीटनेटकं. सगळी लग्नं दोन टीबीच्या ड्राइव्हवर, प्रत्येक फोल्डरला तारीख, वधू-वरांची नावं, कार्यालयाचं नाव. तरी सीमध्ये जेमतेम ११ जीबी उरलेले. ‘सर, सीमध्ये माझं काहीच नाही. जे आहे ते डेस्कटॉपवर आहे.’

डेस्कटॉप सीमध्येच असतो. डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हेही सीमध्येच, तुमच्या नावाच्या फोल्डरात. कॅमेऱ्याचं कार्ड लावून ‘आत्तापुरतं’ डेस्कटॉपवर ओतलेलं सगळं सी भरतं. १०० एमबीपीएसनं शूट केलेलं फोरके फुटेज तासाला ४५ जीबी होतं. हळदीपासून पाठवणीपर्यंतचं दोन कॅमेऱ्यांचं चित्रण एकदा जरी डेस्कटॉपवर उतरवलं, तरी अशा लॅपटॉपचा श्वास कोंडतो.

मोजण्यासाठी विझट्री नावाचं छोटं सॉफ्टवेअर वापरा. घरगुती वापरासाठी ते फुकट आहे. ते एनटीएफएसची (विंडोजच्या ड्राइव्हवर फाइली मांडण्याच्या पद्धतीची) फाइलयादी थेट वाचतं, त्यामुळे अख्खा सी ड्राइव्ह काही सेकंदांत मोजून मोठ्यापासून लहानापर्यंत मांडून दाखवतं. विनडिरस्टॅटही चांगलं आहे, फक्त जुन्या आवृत्तीत वेळ लागतो. काहीच उतरवायचं नसेल तर सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज इथे ढोबळ हिशोब मिळतो, पण खरा चोर तिथे ‘अदर’ या नावाखाली लपून राहतो.

वरच्या लॅपटॉपवर यादीत सगळ्यात वर निघाला तो अॅपडेटा हा लपलेला फोल्डर, आणि त्यात अडोबीचा मीडिया कॅशे (एडिटिंग करताना सॉफ्टवेअर स्वतः बनवतं त्या कामचलाऊ फाइलींचा साठा): ६० जीबीच्या घरात. त्याखाली डाउनलोड्स, त्याखाली रिसायकल बिन. लग्नाची मूळ फाइल एकही नाही. गेल्या कित्येक प्रोजेक्टांच्या पीक फाइल्स (आवाजाचा आलेख दाखवणाऱ्या) आणि आवाजाच्या रूपांतरित फाइल्स तेवढ्या साठलेल्या.

मुळावर घाव: नवीन फाइल कुठे जाते

अडोबीच्या प्रीमिअर या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडिया कॅशे असा भाग आहे. तिथे कॅशेची जागा एक्स्टर्नल ड्राइव्हवर द्या आणि ठराविक दिवसांपेक्षा जुनी कॅशे आपोआप पुसण्याचा पर्याय चालू करा. जुनी कॅशे बेधडक पुसली तरी चालते, मूळ फुटेजला धक्का लागत नाही. प्रोजेक्ट पुन्हा उघडल्यावर लागेल तेवढी परत बनते. ही कॅशे साध्या फिरत्या हार्ड डिस्कवर ठेवली तर एडिटिंग रखडतं, तिच्यासाठी एक्स्टर्नल एसएसडी हवा. तयार लग्नं साठवायला मात्र हार्ड डिस्क पुरेशी आहे आणि स्वस्तही.

इथेच ती गोष्ट लपलेली आहे जिच्यामुळे समस्या परत परत येते. आज ड्राइव्हला ‘ई’ अक्षर मिळालं. उद्या आधी पेनड्राइव्ह लावला, तर तोच ड्राइव्ह ‘एफ’ होतो. प्रीमिअरला ‘ई’ सापडत नाही, ते एक संदेश दाखवतं की नेमून दिलेल्या जागा सापडत नाहीत, मूळ जागा वापरल्या जातील. आपण घाईत ओके दाबतो, आणि त्या क्षणापासून सगळं पुन्हा सीमध्ये साठू लागतं. फोटोग्राफरची अक्षरशः हीच कथा होती: कॅशेची जागा त्यानं पूर्वी एकदा बदललेली होती, ती गुपचूप परत आली होती.

उपाय दोन मिनिटांचा आहे. ड्राइव्ह लावलेला असताना स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या भागात आपला ड्राइव्ह ओळखा (क्षमता बघून ओळखा, नावावर विसंबू नका), त्यावर राइट क्लिक करून अक्षर बदलण्याचा पर्याय निवडा आणि ‘पी’ किंवा ‘एक्स’सारखं शेवटाकडचं अक्षर द्या. विंडोज नव्या वस्तूला सुरुवातीचं रिकामं अक्षर देतं, त्यामुळे ‘एक्स’वर सहसा दुसरं कुणी हक्क सांगत नाही. त्या संगणकावर हे अक्षर कायम राहतं, दुसऱ्या संगणकावर पुन्हा द्यावं लागेल. याच खिडकीत ‘फॉरमॅट’ही असतं, तिकडे बोट जाऊ देऊ नका.

स्टोरेजच्या अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये नवीन फाइल कुठे साठवायच्या हे ठरवण्याची सोय आहे: डॉक्युमेंट्स, फोटो, व्हिडिओ, संगीत. पण त्यात डाउनलोड्स नाही. क्रोमच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये जाऊन डाउनलोडची जागा वेगळी बदलावी लागते. ही अर्धवट बदललेली सेटिंग मी सगळ्यात जास्त वेळा पाहतो.

माझं मत विचाराल तर डॉक्युमेंट्सची जागा एक्स्टर्नलवर नेऊच नका. लॅपटॉप सातपूरला साइटवर गेला आणि ड्राइव्ह घरी टेबलावर राहिला, की वर्ड उघडताच ‘जागा उपलब्ध नाही’ येतं. डॉक्युमेंट्स मुळात लहान असतात. व्हिडिओ आणि फोटो नेले तरी बहुतांश काम होतं.

ऑफिसांची गोष्ट थोडी वेगळी. कॉलेज रोडवरच्या एका कर सल्लागारांकडे सगळ्यांचा संशय टॅलीवर होता. टॅलीचा डेटा एवढी जागा खातच नाही. जागा खात होता स्कॅनर: प्रत्येक आधार, पॅन, सातबारा रंगीत, ६०० डीपीआयला. साध्या कागदासाठी २०० ते ३०० डीपीआय आणि ग्रेस्केल भरपूर झालं, वाचायला आणि छापायला काही अडत नाही. स्कॅनची गुणवत्ता आणि साठवण्याची जागा, दोन्ही स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलली आणि प्रश्न मिटला. तिथे नवीन ड्राइव्हची गरजच नव्हती.

हलवलं, तरी जागा मोकळी का होत नाही

एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर माउसनं ओढलं की विंडोज फक्त कॉपी करतं, मूळ फाइल जिथल्या तिथे राहते. मग आपण मूळ फाइल डिलीट करतो, आणि ती सीच्याच रिसायकल बिनमध्ये जाऊन बसते. बिन रिकामा करेपर्यंत एक एमबीसुद्धा मोकळा होत नाही.

दुसरं कारण वनड्राइव्ह. नवीन लॅपटॉप सुरू करताना मायक्रोसॉफ्ट खातं जोडलं, की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स अनेकदा वनड्राइव्हशी जोडले जातात. मग डेस्कटॉपवरून फोल्डर एक्स्टर्नलवर हलवला की तो क्लाउडवरूनही जातो आणि त्याच खात्याच्या दुसऱ्या संगणकावरूनही. लोक घाबरून तो परत आणतात आणि सी पुन्हा भरतो. हलवण्याआधी वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये बॅकअपचा भाग बघा आणि कोणते फोल्डर जोडलेले आहेत ते तपासा. फुकट जागा तिथे ५ जीबीच असते, फुटेजसाठी तिचा काही उपयोग नाही. ज्या फाइल क्लाउडवर ठेवायच्याच आहेत, त्यांच्यावर राइट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ निवडा. नाव दिसत राहतं, जागा सुटते.

तिसरं, व्हॉट्सअॅप आणि टेलिग्राम. संगणकावर उघडे ठेवलेले हे दोन्ही गटांतले व्हिडिओ आपोआप उतरवत राहतात. आपोआप डाउनलोड बंद करा, टेलिग्राममध्ये कॅशेला मर्यादा घाला.

उरतो विंडोजचा स्वतःचा पसारा. मोठ्या अपडेटनंतर मागची आवृत्ती विंडोज डॉट ओल्ड या फोल्डरात राहते आणि साधारण दहा दिवसांनी आपोआप जाते. घाई असेल तर स्टोरेजमधल्या टेंपररी फाइल्समधून आधी काढता येते. त्या यादीत ‘डाउनलोड्स’ असाही चौकोन असतो. सरसकट सगळ्यावर टिक करून रिमूव्ह दाबलं तर डाउनलोड्समधलं सगळं जाईल. तो एक चौकोन मोकळाच ठेवा.

हायबरनेशनची फाइल रॅमच्या साधारण ४० टक्के असते, म्हणजे १६ जीबी रॅमला सहा-साडेसहा जीबी. ती बंद करा असा सल्ला सर्रास दिला जातो. यूपीएसवर चालणाऱ्या डेस्कटॉपला तो ठीक आहे. लॅपटॉपवर मी बंद करत नाही. वळवाच्या पावसात लाइट गेली, बॅटरी संपत आली, तर उघडं काम डिस्कवर उतरवून लॅपटॉप सुरक्षित बंद होतो तो याच फाइलमुळे. सहा जीबीसाठी एवढी सोय घालवू नये.

जे हलवायचं नाही

प्रोग्रॅम फाइल्समधला फोल्डर कट करून एक्स्टर्नलवर नेला तर ते सॉफ्टवेअर चालणार नाही. सॉफ्टवेअर हलवायचंच असेल तर काढून नव्या जागी पुन्हा बसवावं लागतं. विंडोजच्या फोल्डरातलं काही हातानं पुसायचं नाही, त्यातला विनएसएक्सएस कितीही मोठा दिसला तरी.

टॅलीचा रोजचा डेटा आणि आउटलुकची पीएसटी फाइल (ईमेलचा साठा) एक्स्टर्नलवरून चालवू नका. एंट्री सुरू असताना केबलला कुणाचा हात लागला की डेटा बिघडतो. चालू डेटा आत, बॅकअप बाहेर, हीच योग्य वाटणी. लाइटरूम या फोटोच्या सॉफ्टवेअरचंही तसंच: कॅटलॉग (फोटोंची नोंदवही) आतल्या एसएसडीवर ठेवा, मूळ रॉ फाइल्स बाहेर. मात्र फोटो लाइटरूममधूनच हलवा. विंडोजमधून हलवले तर प्रत्येक फोटोवर प्रश्नचिन्ह दिसू लागतं आणि हरवलेला फोल्डर परत शोधून द्यावा लागतो.

ड्राइव्ह मध्येच निघतो, हळू चालतो, टकटक वाजतो

कॉपी करताना वेग ३०-४० एमबीच्या पुढे जात नसेल तर ड्राइव्ह यूएसबी २ वर चालतोय. त्या वेगानं १०० जीबीला पाऊण तास लागतो. यूएसबी ३ वर साधी हार्ड डिस्कही पंधरा-वीस मिनिटांत उरकते. डेस्कटॉप असेल तर पुढच्या सॉकेटऐवजी मागचा, मदरबोर्डवरचा पोर्ट वापरा. टाइप-सी एसएसडी मोबाइलच्या चार्जिंग केबलनं लावला असेल तर ती केबल बदला, त्या केबली बहुतेक यूएसबी २ च्याच असतात. सुरुवातीला झरझर आणि नंतर अगदी हळू, असं होत असेल तर काळजी नको. अनेक पोर्टेबल हार्ड डिस्कची लिहिण्याची पद्धतच अशी आहे की सलग मोठा डेटा आला की त्या मंदावतात.

मध्येच डिस्कनेक्ट होणं हे बहुधा केबलचं किंवा विजेचं दुखणं असतं. पोर्टेबल हार्ड डिस्क सगळी वीज यूएसबीतूनच घेते. यूएसबी २ चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. माउस, कीबोर्ड, डोंगल आणि डिस्क एकाच स्वस्त हबवर टांगली की तिला वीज पुरत नाही. डिस्क थेट संगणकाला लावा आणि दुसऱ्या केबलनं करून बघा. त्यानंतरही टकटक आवाज येत असेल तर तो डिस्कच्या आत डेटा वाचणाऱ्या हेडचा आवाज आहे. पुन्हा पुन्हा लावून बघू नका, चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं साधन) चालवू नका. दुसरी प्रत नसेल आणि डेटा मोलाचा असेल तर डिस्क बंद ठेवून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

आणि ‘हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल’ असं आलं तर कॅन्सल दाबा. हा संदेश येतो तेव्हा डेटा बहुतेक वेळा आतच असतो, फक्त फाइलयादी बिघडलेली असते. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर हे जास्त घडतं, कारण त्यात बदलांची नोंदवही नसते आणि केबल अवेळी निघाली की यादीच अर्धवट राहते. ड्राइव्ह फक्त विंडोजवरच लावत असाल तर एनटीएफएस ठेवा. मॅकलाही लावायचा असेल तरच एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही. ‘४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही’ ही तक्रार फॅट३२ ची. डेटा आधी दुसरीकडे काढून घेऊन मग फॉरमॅट बदला.

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात: फोटोज लायब्ररी बाहेर नेता येते, पण ड्राइव्ह एपीएफएस किंवा मॅक ओएस एक्स्टेंडेडमध्ये हवा. लायब्ररी कॉपी झाली की ऑप्शन की दाबून धरून फोटोज उघडा, नवी जागा निवडा, आणि सगळं नीट दिसल्यावरच जुनी पुसा.

बाहेर नेलं म्हणजे बॅकअप झाला असं नाही

जागा वाचवण्यासाठी आपण संगणकातली प्रत पुसतो. त्या क्षणी एक्स्टर्नलवरची प्रत ही एकमेव प्रत होते. लोक तरीही तिला ‘बॅकअप डिस्क’ म्हणतात, आणि ती टेबलावरून पडते तेव्हा कळतं की पाठीमागे काहीच नाही. ही गोष्ट मी प्रत्येकाला कळकळीनं सांगतो, कारण जागेची अडचण कधीही सुटते, गेलेलं लग्न पुन्हा शूट करता येत नाही.

नाशिकच्या कितीतरी स्टुडिओंमध्ये २०१५ च्या सिंहस्थाचं चित्रण आजही एकाच जुन्या हार्ड डिस्कवर आहे. रामकुंडावरची पर्वणी, आखाड्यांच्या मिरवणुका, त्र्यंबकेश्वरची गर्दी. ती डिस्क दहा वर्षांपेक्षा जुनी झाली आहे. आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे आणि नवीन ड्राइव्हची खरेदी होणारच आहे. त्या खरेदीत सगळ्यात आधी या जुन्या डिस्कची दुसरी प्रत काढा. नवीन कामाची जागा नंतर.

माझा आग्रह एवढाच की ड्राइव्ह घ्यायचा तर जोडीनं घ्या. चार टीबीच्या एकापेक्षा दोन टीबीचे दोन बरे. एक स्टुडिओत, एक घरी. फ्रीफाइलसिंक या फुकट सॉफ्टवेअरनं दोन्ही सारखे ठेवता येतात. ‘मिरर’ पर्याय वापरताना डावी-उजवी बाजू नीट बघा. दिशा उलटी झाली तर रिकाम्या ड्राइव्हची नक्कल भरलेल्यावर होईल. कार्ड फॉरमॅट करण्याआधी आणि संगणकातली प्रत पुसण्याआधी दोन्ही फोल्डरांच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि बाइट्स जुळतात का बघा, चार-पाच मोठ्या फाइल मध्यापासून चालवून बघा.

ठेवून दिलेली डिस्क दर काही महिन्यांनी लावा आणि क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तिची प्रकृती बघा. निळ्याच्या जागी पिवळं ‘कॉशन’ दिसलं की त्याच दिवशी डेटा हलवा. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत डिस्क बंद डब्यात, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. खरेदी एमजी रोडवर करा की ऑनलाइन, बिल आणि वॉरंटी घ्या. हजाराच्या आत ‘१६ टीबी एसएसडी’ मिळत असेल तर तो खोटा असतो. आकार मोठा दाखवतो, प्रत्यक्षात थोडंसं लिहून झालं की पुढच्या फाइल कोऱ्या जातात. शंका असेल तर एच२टेस्टडब्ल्यूनं पूर्ण ड्राइव्ह लिहून-वाचून तपासा.

एवढं करूनही सीमध्ये २५-३० जीबी मोकळे राहत नसतील तर एक्स्टर्नलचा नाद सोडून आतला एसएसडीच मोठा करा. बऱ्याच विंडोज लॅपटॉपमध्ये २५६ च्या जागी एक टीबीचा एम-२ एसएसडी बसतो, काहींत दुसरा स्लॉट रिकामाच असतो. नवीन मॅकबुकमध्ये ही सोय नाही. दुकानात देण्याआधी सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कवरच्या डेटाला लावलेलं कुलूप) चालू आहे का ते बघा, आणि असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यातून त्याची ४८ अंकी रिकव्हरी की काढून कागदावर लिहून घ्या. डिस्क बदलल्यावर किंवा बायोसला (संगणकाच्या सुरुवातीच्या सेटिंग्जना) हात लागल्यावर संगणक ती मागू शकतो, आणि तिच्याशिवाय जुन्या डिस्कवरचं काहीही उघडत नाही.